चार स्टेशनच्या टरेटचे वायरिंग : स्टेशन चुकते आणि लॉक झाल्यावरही माप बदलते

प्रश्न : उद्यमनगर_शेड

नमस्कार. मी कोल्हापूरला राहतो. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी घरामागच्या शेडमध्ये लेथ, असा माझा गेल्या दोन वर्षांचा क्रम आहे. लेथ जुना आहे, सेंटर हाइट १६० मिमी, दोन सेंटरमधले अंतर ७५० मिमी. दोन्ही अक्षांवर बॉलस्क्रू आणि सर्व्हो बसवले आहेत, स्पिंडलला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आहे आणि जुन्या संगणकावर, एका पॅरलल पोर्टवर, लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारे सॉफ्टवेअर चालते. टर्निंग आणि फेसिंग समाधानकारक होते. पण दर वेळी ग्रूव्हिंगचे टूल लावायचे, ते काढून बोरिंग बार लावायचा आणि पुन्हा टच-ऑफ घ्यायचा (टूल जॉबला टेकवून शून्य ठरवायचे), यात निम्मी संध्याकाळ जाते. म्हणून गेल्या महिन्यात चार स्टेशनचा, वर्मगिअरवर फिरणारा एक जुना चिनी इलेक्ट्रिक टरेट (चार टूल धरून फिरणारे डोके) विकत घेतला, कंपाउंड स्लाइड काढली आणि क्रॉस स्लाइडवर २० मिमी जाडीची प्लेट टाकून तो बसवला. टूलच्या टोकाची उंची सेंटरला बरोबर आली आहे.

टरेटची मोटर १२० वॅटची, थ्री-फेज ३८० व्होल्टची आहे आणि माझ्या घरी सिंगल फेज आहे. सध्या एका फेजला कपॅसिटर जोडून मोटर चालवतो आणि दोन रिलेंनी तिची दिशा बदलतो. वरच्या झाकणाखाली चुंबक ओळखणाऱ्या चार हॉल सेन्सरची गोल पाटी आहे. तिला ब्रेकआउट बोर्डवरूनच (पॅरलल पोर्टच्या पिना जोडणीसाठी बाहेर आणणारा बोर्ड) ५ व्होल्ट दिले आहेत आणि चारही सिग्नल थेट बोर्डच्या इनपुटवर घेतले आहेत. रिले मॉड्यूलही त्याच ५ व्होल्टवर आहे. हव्या त्या स्टेशनचा सिग्नल आला की मोटर बंद, आणि मग लॉक होण्यासाठी ०.६ सेकंद उलटी, असा क्रम लावला आहे.

अडचणी तीन आहेत. पहिली, तिसरे स्टेशन मागितले की टरेट कधी कधी तिथे थांबतच नाही, गोल गोल फिरत राहतो, मग स्पिंडल चालू असो वा बंद. दुसरी, स्पिंडल चालू असताना कधी कधी मागितलेल्या स्टेशनच्या एक आधी थांबतो, म्हणजे २ मागितले तर १ वर लॉक होतो. तिसरी मला सर्वांत जास्त छळते : टरेट बरोबर स्टेशनवर आला, लॉक झाल्यासारखा दिसला, तरी पुढच्या जॉबचा व्यास ०.०८ ते ०.१५ मिमी मोठा भरतो आणि पृष्ठभागावर कंपनाच्या खुणा दिसतात. पुन्हा एकदा टूल बदलून तेच स्टेशन आणले की माप परत जागेवर येते.

या वायरिंगमध्ये मूलभूत चूक कुठे आहे? की हा टरेट सोडून स्टेपर मोटरवर स्वतःचाच टरेट बनवावा? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे. पुन्हा नव्याने वायरिंग करायला माझी तयारी आहे.

उत्तर : पॅनेल_वायरिंग_सातपूर

नमस्कार. मी नाशिकला पॅनेल वायरिंगचेच काम करतो, म्हणून विजेच्या बाजूबद्दल बोलतो. यांत्रिक बाजू जाणकार सांगतीलच.

तुमच्या तिसऱ्या अडचणीचे मूळ मला त्या कपॅसिटरमध्ये दिसते. ३८० व्होल्टची स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचे एकेक टोक एकत्र बांधून) जोडलेली मोटर २३० व्होल्टवर चालवली की तिचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. २३० भागिले ३८० चा वर्ग केला तर ०.३७ येतो, म्हणजे एक तृतीयांशाहून जेमतेम जास्त टॉर्क हाती राहतो, आणि कपॅसिटरने तयार केलेली तिसरी फेज कधीच समतोल नसल्याने त्यातूनही काही गळते. टरेट नुसता फिरवायला एवढे बळ पुरते. पण लॉक होताना वरचे डोके खाली ओढून दातांवर घट्ट आवळायचे असते आणि मोटरच्या बळाची खरी परीक्षा तिथेच होते. तुमचा टरेट लॉक होत नसून नुसता टेकतो आहे, असे मला वाटते.

उपाय सिंगल फेज इनपुटचा लहान व्हीएफडी. तो २३० व्होल्ट सिंगल फेज घेऊन २३० व्होल्ट थ्री-फेज देतो. आता मोटरची पाटी वाचा. तिच्यावर स्टार ३८० आणि डेल्टा २२० असे दोन्ही लिहिलेले असेल आणि टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोके असतील, तर पट्ट्या बदलून डेल्टात (वाइंडिंग त्रिकोणात) जोडा, काम संपले. डेल्टात लाइनमधला प्रवाह स्टारच्या १.७३ पट होतो, तेवढा आकडा व्हीएफडीच्या मोटर करंटच्या पॅरामीटरमध्ये न विसरता भरा. ०.४ किलोवॅटच्या व्हीएफडीला १२० वॅटची मोटर जळेपर्यंत काही जाणवत नाही. तिचे संरक्षण या एका आकड्यावर अवलंबून आहे.

टरेटच्या मोटरमधून मात्र पुष्कळदा तीनच वायरी बाहेर येतात आणि स्टारचा सांधा आत वाइंडिंगमध्येच बांधलेला असतो. तो सोडवून तीन टोके बाहेर काढणारा रिवाइंडिंगवाला तुमच्या गावात सहज मिळेल. पण मोटर उघडायची नसेल तर दुसरी वाट आहे. ३८० व्होल्टला ५० हर्ट्झ म्हणजे प्रत्येक हर्ट्झला ७.६ व्होल्ट. हेच प्रमाण २२० व्होल्टला लावले तर २९ हर्ट्झ येतात. व्हीएफडीची बेस फ्रिक्वेन्सी २९ ठेवून मोटर २९ हर्ट्झवरच चालवा. वेग साठ टक्क्यांच्या आत येईल, पण टॉर्क पूर्ण मिळेल. टूल बदलायला सेकंदभर जास्त लागला तर घरच्या कामात काही बिघडत नाही.

व्हीएफडी लावल्यावर दिशा बदलण्यासाठी मोटरच्या वायरीत कॉन्टॅक्टर घालू नका. फॉरवर्ड आणि रिव्हर्स हे व्हीएफडीचेच दोन इनपुट वापरा. वेग वाढण्याचा आणि उतरण्याचा वेळ ०.१ ते ०.२ सेकंदांवर आणा. कारखान्यातून येताना बऱ्याच व्हीएफडींत तो ५ किंवा १० सेकंद असतो. तुमचा टरेट दोन सेकंदांत एक फेरा घेत असेल, तर १० सेकंदांत सावकाश थांबताना तो आणखी अडीच फेरे घेईल, आणि मग तुम्ही सेन्सरला दोष देत बसाल.

ज्यांच्याकडे थ्री-फेज आहे आणि जे दोन कॉन्टॅक्टर वापरणार आहेत, त्यांनी प्रत्येक कॉन्टॅक्टरचा एनसी (नॉर्मली क्लोज्ड) संपर्क दुसऱ्याच्या कॉइलच्या मार्गात घालावाच आणि शक्य असेल तर मेकॅनिकल इंटरलॉकही बसवावा. हा इंटरलॉक सॉफ्टवेअरवर सोडू नये. संगणक सुरू होत असताना पॅरलल पोर्टच्या पिना काही क्षण मनाला येईल तशा उंच-खाली होतात, दोन्ही रिले एकदम ओढले जातात, आणि त्या क्षणी लिनक्ससीएनसी अजून सुरूच झालेले नसते. तुमच्या ब्रेकआउट बोर्डवर चार्ज पंपाची सोय असेल तर ती जरूर वापरा, म्हणजे सॉफ्टवेअर जिवंत असल्याशिवाय एकही आउटपुट चालू होणार नाही.

आता पहिली अडचण. सेन्सरची पाटी आणि रिले एकाच ५ व्होल्टवर आहेत, हे वाचून मी थांबलो. या पाट्यांवरचे हॉल सेन्सर साधारण ४.५ ते २४ व्होल्टचे असतात. रिले ओढला गेला की ५ व्होल्ट खाली बसतात, त्यात लांब बारीक वायरीची घट मिळते आणि सेन्सरला ४.५ सुद्धा मिळत नाहीत. चारांपैकी जो सर्वांत कमजोर, तो आधी मुका होतो. तुमच्याकडे तो बहुधा तिसरा आहे. रिले ओढलेला असताना टरेटच्या टोकाशी, सेन्सरच्या पाटीवरच, मीटर लावून पाहा. पाटीला स्वतंत्र २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) द्या आणि सिग्नल ऑप्टोकपलरमधून (सिग्नल प्रकाशातून पलीकडे देणारा भाग) घ्या. सेन्सर एनपीएन ओपन कलेक्टर आहेत, म्हणजे चालू झाले की वायर शून्याकडे ओढतात. ऑप्टोच्या एलईडीचे एक टोक रेझिस्टरमधून २४ ला आणि दुसरे सेन्सरच्या वायरीला, एवढी साधी जोडणी आहे. २४ व्होल्ट थेट पॅरलल पोर्टकडे जाणार नाहीत याची मात्र खात्री करा.

दुसऱ्या अडचणीत स्पिंडलच्या व्हीएफडीचा हात आहे. सेन्सरला शील्डेड केबल वापरा आणि तिची शील्ड फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ करा. स्पिंडलच्या मोटरची केबलही शील्डेड घ्या, तिची शील्ड मात्र दोन्ही टोकांना अर्थ करायची. दोन्ही केबल एका डक्टमधून नेऊ नका आणि एकमेकींना ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडू द्या. २४ व्होल्टच्या प्रत्येक रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावा. हे सगळे करूनही शेडची अर्थिंग चांगली नसेल तर उपयोग नाही. अर्थचा खड्डा आधी तपासा.

उत्तर : टूलरूम_भोसरी

वरच्या सरांनी मोटरच्या टॉर्कबद्दल जे लिहिले आहे त्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. मी यांत्रिक बाजू सांगतो, कारण या टरेटची चाल समजून घेतल्याशिवाय सेन्सरच्या सिग्नलचा अर्थ लागत नाही.

मोटर सुलटी फिरते तेव्हा वर्ममधून आतला स्क्रू फिरतो आणि वरचे डोके आधी उचलले जाते. खालच्या आणि वरच्या चकतीचे दात एकमेकांतून सुटले की डोके फिरू लागते. हवे ते स्टेशन आले की मोटर उलटी होते. डोके थोडेसे मागे येते, खिटी खाचेत पडते आणि डोके मागे फिरायचे थांबते. मोटर फिरतच असल्याने स्क्रू आता डोक्याला खाली ओढतो, दात दातांत बसतात आणि शेवटी मोटर जागच्या जागी अडते. टूलची जागा खिटी ठरवत नाही आणि सेन्सर तर मुळीच ठरवत नाही. ती ठरवतात हे दात. खिटी डोक्याला दातांच्या तोंडाशी आणून सोडते, एवढेच तिचे काम. लॉक झाल्यावर वीज काढून घेतली तरी वर्म उलटा फिरत नाही, म्हणून डोके आवळलेलेच राहते.

यावरून तुमच्या दुसऱ्या अडचणीचे आणखी एक कारण लक्षात येईल. खिटी खाच ओलांडून पुढे जाण्याआधीच सेन्सरने सिग्नल दिला, तर उलटे फिरताना ती खाच मिळणारच नाही. डोके आणखी मागे येईल आणि आधीच्या स्टेशनच्या खाचेत बसेल. व्हीएफडीच्या खोट्या सिग्नलाने नेमके हेच होते, आणि सेन्सरची पाटी डोक्याच्या फिरण्याच्या उलट दिशेने काही अंश सरकलेली असली तरीही हेच होते. ओळखायचे असे : स्पिंडलच्या व्हीएफडीची वीज पूर्ण बंद करून पन्नास वेळा टूल बदला. एकदाही चुकले नाही तर दोष खोट्या सिग्नलाचा. चुकले तर झाकण काढा, टरेट लॉक झालेल्या स्थितीत पाटीचा नट सैल करा आणि त्या स्टेशनचा सेन्सर चुंबकासमोर बरोबर मध्यावर येईल इतकी पाटी फिरवून पुन्हा आवळा. लॉक झाल्यानंतरही त्याच स्टेशनचा सेन्सर चालू राहिला पाहिजे, ही खूण लक्षात ठेवा. चुंबक आणि सेन्सर यांच्यातली फट चारही ठिकाणी सारखी आहे का, तेही त्याच वेळी पाहा.

उलट्या फिरण्याचे ०.६ सेकंद फार कमी आहेत. पूर्ण टॉर्क मिळू लागल्यावर मोटरचा आवाज ऐका. खिटी पडल्याचा टक आवाज येतो, मग डोके खाली उतरल्याचा दबका ठोका येतो आणि त्यानंतर मोटर घुमल्यासारखी अडते. ती अडल्यानंतर साधारण ०.३ सेकंद तिला तशीच राहू द्या आणि मग बंद करा. माझ्याकडच्या टरेटला एकूण १.२ सेकंद लागतात. तुमचा २९ हर्ट्झवर चालला तर दोनही लागतील. वेळ गरजेपेक्षा फार वाढवला तर मोटर रोज तापेल, आणि कमी ठेवला तर डोके अर्धवट खाली येईल. अर्धवट लॉक झालेल्या डोक्यावर कटिंगचा भार आला की टूल दबते, जॉबपासून मागे सरते आणि व्यास मोठा भरतो. टूल ०.०६ मागे सरले तरी व्यासात ०.१२ दिसतात, हे तुमच्या आकड्यांशी जुळते.

तरीही वीज नीट झाल्यावर माप पूर्ण स्थिर होईल अशी हमी मी देणार नाही, कारण चिप्स अजून शिल्लक आहेत. टरेट उचलला जातो त्या क्षणी दात उघडे पडतात. जवळच एखादी केसासारखी चिप चिकटलेली असेल तर ती आत जाते आणि डोके तिच्यावर बसते. चिप ०.०५ मिमी जाडीची असली आणि टूलचे टोक दातांपेक्षा मध्यापासून दुप्पट अंतरावर असले, तर टोकाशी तोच फरक साधारण दुप्पट होतो. डोके पूर्ण वर काढून दोन्ही चकत्यांचे दात रॉकेल आणि ब्रशने धुवा. मग खालच्या दातांना मार्किंग ब्लूचा पातळ हात द्या, टरेट एकदा लॉक करून पुन्हा उचला आणि निळा रंग कुठे उमटला ते पाहा. तो सर्व बाजूंनी सारखा उमटला पाहिजे. कडेला रबरी वायपर नसेल तर फेल्टची पट्टी बसवा. टूल बदलण्याच्या जागी कूलंट किंवा हवेचा झोत दातांच्या दिशेने येणार नाही असे पाहा. हवेने चिप्स साफ करायची सवय इथे फार महागात पडते, कारण झोत त्यांना थेट आतच ढकलतो.

शेवटी पुपिटास (लहान फरक दाखवणारा लिव्हर डायल) लावून मोजा. डायलचे टोक टूल होल्डरच्या घासलेल्या बाजूवर टेकवा, एकच स्टेशन वीस वेळा आणा आणि वीसही आकडे कागदावर लिहा. सरासरी काढू नका, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक पाहा. दात निरोगी असतील तर तो ०.०१ मिमीच्या आत यायला हवा.

हे सगळे वाचल्यावर स्वतःचा टरेट बनवावा का, याचे उत्तर तुमच्या लक्षात आले असेल. स्टेपर आणि वर्मने डोके फिरवणे सोपे आहे. अवघड आहेत ते हे दात, आणि घासून तयार केलेले दात तुमच्याकडे आयते आहेत. ते टाकू नका.

उत्तर : बेंगळुरूचा_लेथ

मी मूळचा सांगलीचा, सध्या बेंगळुरूला असतो. माझ्या घरच्या लेथवर असाच टरेट लिनक्ससीएनसीवर चालतो, म्हणून सॉफ्टवेअरबद्दल लिहितो.

प्रोग्रॅममध्ये टी हा शब्द (टूलचा क्रमांक) आला की लिनक्ससीएनसी टूल-प्रिपेअर हा सिग्नल देते आणि एम६ (टूल बदलण्याचा आदेश) आल्यावर टूल-चेंज देते. मिलिंग मशीनवर मॅगझिन आधी फिरवून ठेवायला ही सोय चांगली आहे. लेथच्या टरेटला मात्र ती घातक आहे, कारण टी वाचला जाईल तेव्हा आधीचे टूल जॉबमध्ये असू शकते. म्हणून टूल-प्रिपेअर सरळ टूल-प्रिपेअर्डला जोडून टाका आणि टरेटची हालचाल फक्त टूल-चेंजवरच सुरू करा. मी पहिल्या आठवड्यात हे उलटे केले होते. एम६ च्या चार ओळी आधी टी लिहिला होता आणि बोरिंग बार भोकात असतानाच डोके उचलले गेले. बार वाचला, इन्सर्ट गेला.

क्रम स्वतः लिहिण्याची गरज नाही. लिनक्ससीएनसीत कॅरुसेल नावाचा घटक आहे. त्यात प्रत्येक स्टेशनला वेगळा सेन्सर असल्याचे सांगता येते, आणि खिटीच्या टरेटसाठी मोटर उलटी किती वेळ चालवायची तेही रिव्ह-पल्स या आकड्याने देता येते. सेन्सर आणि कॅरुसेल यांच्यामध्ये डीबाउन्स हा घटक घाला. सर्व्हो थ्रेड १ मिलिसेकंदाचा असेल आणि विलंब ५ ठेवला, तर ५ मिलिसेकंदांपेक्षा लहान खोटा सिग्नल पुढे जात नाही. खरा सिग्नल यात हरवेल अशी भीती नको. माझ्या टरेटवर एक फेरा दोन सेकंदांचा आहे, सेन्सरच्या वर्तुळाचा परीघ सुमारे १२५ मिमी आहे आणि चुंबकासमोर सेन्सर साधारण ८ मिमीभर चालू राहतो, म्हणजे जवळपास १३० मिलिसेकंद. हॅलस्कोपवर (लिनक्ससीएनसीचे सिग्नलचा आलेख दाखवणारे साधन) चारही सिग्नल एकाखाली एक लावून टरेट मोटरने न थांबवता फिरवा. कमजोर सेन्सरची पट्टी तुम्हाला इतरांपेक्षा अरुंद दिसेल आणि व्हीएफडीचे खोटे सिग्नल बारीक काट्यांसारखे दिसतील. अंदाज बांधण्यापेक्षा हे दहा मिनिटांचे काम आधी करा.

आता या सगळ्या चर्चेत मला जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते ती. चारही सेन्सर डोक्याचा कोन सांगतात. डोके खाली बसले की नाही, हे त्यांपैकी एकही सांगत नाही. अर्ध्यावर अडकलेल्या डोक्याचाही कोन बरोबर असतो, सेन्सर चालू असतो, रिव्ह-पल्सचा वेळ संपतो आणि लिनक्ससीएनसीला टूल बदलल्याचा निरोप जातो. तुमच्या तिसऱ्या अडचणीत तुमचे मशीन दर वेळी असेच फसले आहे. मी टरेटच्या बुडाशी एम८ आकाराचा एक प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आल्याचे ओळखणारा) बसवला आहे. डोक्याच्या कडेला पट्टी लावली आहे आणि डोके पूर्ण बसले तरच ती सेन्सरच्या टप्प्यात येते. कॅरुसेलचा रेडी आणि हा सेन्सर, दोन्ही अँड२ मधून (दोन्ही सिग्नल असतील तरच पुढे जाऊ देणारा घटक) घेऊन मगच टूल-चेंज्ड, म्हणजे टूल बदलल्याचा निरोप, दिला आहे. टूल-चेंज सुरू होऊन ८ सेकंद झाले तरी टूल-चेंज्ड आला नाही, तर टाइमडिले घटकातून मशीन थांबते. प्रॉक्सिमिटीचा टप्पा जेमतेम दीड मिमीचा असतो, म्हणून ती पट्टी फीलर गेज घेऊन लावा. डोके ०.१ मिमी वर राहिल्याचे हा सेन्सर ओळखणार नाही, हेही खरे. त्यासाठी दात स्वच्छ ठेवण्याला पर्याय नाही.

इनपुट मोजा. एका पॅरलल पोर्टला पाचच इनपुट असतात : १०, ११, १२, १३ आणि १५. चार सेन्सरांनी चार घेतले, लॉकने पाचवा. मग होम स्विच, इमर्जन्सी आणि थ्रेडिंगसाठी स्पिंडलचा एन्कोडर कुठे जाणार? दुसरे पॅरलल कार्ड टाका आणि ते इनपुटच्या पद्धतीत चालवा, म्हणजे आठ डेटा पिनाही इनपुट होतात. पैसे घालायची तयारी असेल तर मेसाचे कार्ड उत्तम. काही जण मध्ये आर्डुइनो (लहान मायक्रोकंट्रोलर बोर्ड) ठेवून टरेटचा सगळा कारभार त्याच्याकडे देतात. मीही ठेवला होता, पण त्याच्या आत काय चालले आहे ते हॅलस्कोपवर दिसत नाही, म्हणून काढून टाकला.

टूल बदलण्याची जागाही आधी ठरवा. जी३० ला (आधी ठरवून ठेवलेल्या जागी) जाऊन बदल करण्याची सोय आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये आहे, पण त्यात दोन्ही अक्ष एकदम निघतात. बोरिंग बार भोकात असताना हे चालणार नाही. प्रोग्रॅममध्ये आधी झेड बाहेर काढायची ओळ हाताने लिहा. आणि टूल बदलत असताना लाइट गेली, तर परत आल्यावर कोणतेही काम सुरू करण्याआधी टरेट एकदा पूर्ण फिरवून लॉक करा. उचललेल्या डोक्यानेही कुठला तरी सेन्सर चालू दाखवलेला असू शकतो.

उत्तर : बारिक_जॉब

एक लहानशी सूचना. तुमचे बहुतेक जॉब २० मिमीच्या आतल्या सळईचे असतील, तर गँग टूलिंगचा विचार करून पाहा. क्रॉस स्लाइडवर तीन-चार टूल एका रांगेत पक्के बांधायचे, आणि टूल बदलणे म्हणजे एक्स अक्षाची एक चाल. दात, खिटी, सेन्सर यांतले काहीच नाही, त्यामुळे तिथे बिघडायलाही काही नाही. क्रॉस स्लाइडची चाल मात्र भरपूर लागते, आणि जॉब मोठा असला की शेजारचे टूल त्याला धडकते. १६० मिमी सेंटर हाइटच्या लेथवर मोठे जॉबही येतील, म्हणून टरेट काढावा असे मी म्हणणार नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : उद्यमनगर_शेड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवडे लागले, पण एकेक गोष्ट क्रमाने केली आणि काय सापडले ते इथे नोंदवतो.

रिले ओढलेला असताना सेन्सरच्या पाटीवर ४.३ व्होल्ट मिळत होते. २४ व्होल्टचा वेगळा एसएमपीएस आणि ऑप्टो लावल्यापासून तिसरे स्टेशन एकदाही चुकलेले नाही. हॅलस्कोपवर तिसऱ्याची पट्टी इतरांच्या निम्मीच होती. आता ती जवळपास बरोबरीला आली आहे.

मोटरला तीनच वायरी होत्या. रिवाइंडिंगवाल्या काकांनी स्टारचा सांधा सोडवून अर्ध्या तासात सहा टोके बाहेर काढून दिली. डेल्टात जोडून व्हीएफडीवर चालवल्यावर लॉक होण्याचा तो दबका ठोका मी पहिल्यांदाच ऐकला. इतके दिवस तो आवाज येतच नव्हता, हेही मला माहीत नव्हते. उलटा वेळ आता १.४ सेकंद आहे.

शील्डेड केबल टाकल्यावर आणि डीबाउन्स लावल्यावर एक स्टेशन आधी थांबणे पुष्कळ कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही. स्पिंडलची वीज बंद करून पन्नास वेळा बदलले, तर दोनदा चुकले. झाकण काढून पाहिले तेव्हा पाटी खरोखरच तशी सरकलेली होती. तिच्यावर कोणीतरी पूर्वी मार्करने ओढलेली खूण आणि आताची जागा यांत चार-पाच मिमीचे अंतर होते. पाटी जागेवर आणल्यानंतर स्पिंडल चालू ठेवून दोनशे वेळा टूल बदलले. एकही चूक नाही.

मग पुपिटास लावला. पहिल्या तीन स्टेशनांचा फरक ०.०१ च्या आत आला, चौथ्याचा ०.०४ येत होता. डोके वर काढून दात धुतले, तरी फरक तेवढाच राहिला. मार्किंग ब्लू लावल्यावर एका बाजूला रंग अजिबात उमटला नाही. टॉर्चच्या उजेडात भिंगातून पाहिले तेव्हा दोन दातांच्या तळाशी पितळेची एक चपटी झालेली चिप सापडली. पूर्वीच्या मालकाच्या काळातली असावी, कारण मी या लेथवर पितळ कधीच कापलेले नाही. ती दातांच्या रंगाचीच झाली होती आणि ब्रशने निघाली नाही. पितळेच्याच सळईला टोक काढून तिने खरवडून काढावी लागली, कारण पोलादी टोचणीने दाताला ओरखडा गेला असता. नंतर चौथ्याचा फरक ०.००८ आला.

दुसरे पॅरलल कार्ड मागवले आहे. ते आले की लॉकचा प्रॉक्सिमिटी बसवणार आहे. तोवर प्रत्येक बदलानंतर प्रोग्रॅममध्ये एम० (प्रोग्रॅम थांबवणारा आदेश) टाकून थांबतो, डोके हाताने हलवून पाहतो आणि मगच पुढे जातो. बेंगळुरूच्या सरांना एक विचारायचे आहे : प्रॉक्सिमिटीची पट्टी तुम्ही डोक्याच्या कोणत्या बाजूला लावली आहे? डोके चारही स्थितींत फिरणार असल्याने मला चार पट्ट्या लावाव्या लागतील असे दिसते आणि चारही एका उंचीला आणणे अवघड जाईल.

उत्तर : बेंगळुरूचा_लेथ

चार पट्ट्या नकोत. डोक्याच्या खालच्या कडेभोवती बसेल अशी एकच पूर्ण गोल कडी लेथवरच टर्न करा, ६ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड, आणि ती तीन ग्रब स्क्रूंनी बसवा. सेन्सर खालून वर पाहील असा, कडीच्या खाली उभा लावा. डोके कोणत्याही स्टेशनवर असले तरी सेन्सरला समोर तीच कडी दिसते, त्यामुळे उंची एकदाच लावावी लागते. कडीचा खालचा पृष्ठभाग ती डोक्यावर बसवल्यानंतर पुपिटासने तपासा. चारही स्टेशनांवर तो ०.१ च्या आत फिरला तर पुरे. सेन्सर आणि कडी यांतली फट लॉक स्थितीत १ मिमी ठेवा आणि सेन्सरच्या टोकाशी चिप्स साचणार नाहीत असा पत्र्याचा एक लहान आडोसा लावा. लोखंडाच्या चिप्सचा ढीग सेन्सरला कडीसारखाच दिसतो.